लाल उजेडात लाल दिसत नाही

नाशिकहून मुलीनं पार्सल धाडलं.
थर्माकोलच्या पोटात एक चपटा दिवा,
शंभर-दीडशे लाल डोळ्यांचा,
सोबत तिच्या अक्षरात चिठ्ठी:
आई, एका हाताला दहा मिनिटं. रोज. टाळायचं नाही.

मला हसूच आलं.
लाल उजेडात मी एकतीस वर्षं काढलीत, पोरी.
फैजपूरच्या बाजारात, सायकलच्या दुकानामागं,
जिन्याखालची ती सहा बाय सातची खोली,
जिच्या दाराला आतून गोधडी ठोकलेली.
हे एन्लार्जर फिरवायचे, ओठ न हलवता आकडे मोजायचे,
ट्रे माझ्याकडं.
डेव्हलपर, पाणी, हायपो, पुन्हा पाणी.
डिसेंबरात हौदाचं पाणी असं
की बोटं आपली की चिमट्याची, कळायचं नाही.
लग्नसराईत एका रात्री दोनशे प्रिंटा धुतल्या.
सावद्याच्या नवऱ्या, यावलच्या नवऱ्या,
केळीच्या वॅगनीपुढं छाती काढून उभा एक मुकादम,
सगळे माझ्या हाताखाली वर आले,
आधी भुवया, मग मिशा,
पडदा सगळ्यात शेवटी.

तेव्हा त्या उजेडानं हात का नाही राखले?
असं मी जळगावच्या डॉक्टरला विचारलं.
तो म्हणाला, मावशी, तो कागदासाठी होता, हा सांध्यांसाठी.
आणि याला औषध समजू नका, शेक समजा.
सोमवारची गोळी चुकवायची नाही.
बरं वाटलं तर वाटलं.
एवढं सरळ बोलणारा डॉक्टर मला आवडला.

सकाळी मुठी उघडत नाहीत.
कोणी रात्रीतून कुलूप लावून किल्ली तापीत टाकावी तशा.
बडगीतलं भरीत आता सून ठेचते,
मी नुसती मीठ सांगते.
ब्लाऊजचे हूक हे लावून देतात,
कडेला धरून, ठसा उमटू नये असे,
ओला फोटो उचलावा तसे.

तर संध्याकाळी सातला, लाइट असली तर,
मी हात पुढं करून बसते.
पहिल्याच दिवशी नातू धाडकन आत आला
आणि माझ्या तोंडून गेलं,
दार लाव रे! कागद जाईल!
कुठला कागद? म्हणाला, आणि घाबरून पळाला.
हे ओट्यावरून उठून आले.
दिव्याकडं बघितलं, कपाळाला आठ्या.
फार भडक आहे, म्हणाले,
याच्यात ब्रोमाइड एक मिनिट टिकलं नसतं.
मले ब्रोमाइड नाही शेकायचं, म्हटलं.
तरी खुर्ची ओढून बसलेच.

पंधरा दिवसांनी दोन हूक मीच लावले.
तिसरा त्यांनी.
दिव्यानं, की गोळीनं, की थंडी उतरली म्हणून,
कोण सांगणार.
मुलीला फोनवर सांगितलं, दिव्यानं.

एक गोष्ट मात्र मला तिच्याआधीपासून ठाऊक आहे.
लाल उजेडात लाल दिसत नाही.
त्या खोलीत शिरले की माझं कुंकू नाहीसं व्हायचं,
हे म्हणायचे, आलीस का, कोऱ्या कपाळाची.
मी चिडून हायपोचे ओले हात त्यांच्या शर्टाला पुसायची.
आता बोटांचे पेर, सकाळी मिरचीसारखे चढलेले,
दिव्याखाली पांढरे, गुळगुळीत,
जणू कोणाचेच नाहीत.
सूज असतेच. दुखतंही.
फक्त दिसत नाही, दहा मिनिटं.

ते मोजत असतात.
घड्याळ समोर आहे, दिव्यात टायमर आहे,
तरी ओठ न हलवता.
सहाशे, म्हणाले काल,
आणि दिवा आपला आपण विझला.
मी ट्यूबच्या बटणाकडं हात नेला.

थांब, म्हणाले अंधारातून.
इतक्यात नको.